जुन्या आकड्याची काठी

चौदा ऑक्टोबरला, मंगळवारी सकाळी, काठीकाकांच्या हातात नऊ हजार सहाशे साठ रुपये पडले. शेहेचाळीस काठ्या, काठीमागे दोनशे दहा. काकांनी नोटा दोनदा मोजल्या, तेही दुकानवाल्या वहिनींच्या नाकासमोर. वहिनींनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. काका स्वतःच्या खिशातले पैसेसुद्धा दुसऱ्याचे असल्यासारखे मोजतात, हे गावाला ठाऊक होतं. समोर त्यांना काठीकाका म्हणत, पाठीमागे टाचणी.

दुकान कारागीर संघाचं, सामाईक. डांबरी रस्ता जिथे संपतो आणि खिंडीकडे चढणारी पायवाट सुरू होते, तिथेच ते होतं. गावात कोणी लोकरीची पांघरुणं विणी, कोणी टोपल्या, कोणी मोजे. सगळं इथे येई आणि मे ते ऑक्टोबर खिंड चालून जायला येणारे पर्यटक ते विकत घेत. चालणं दोन दिवसांचं. पलीकडच्या उतारावर एक मुक्कामाचं घर होतं, तिथून पुढे बस. इतकं चालायचं म्हणजे काठी हवीच. तीनशे पन्नासला एक. त्यातले एकशे चाळीस संघाचे, उरलेले काकांचे.

काकांची काठी दिसायला साधी. डोंगरउतारावरच्या झुडपाची सरळ फांदी, साल न काढलेली, वरचं टोक वाफेवर वाकवून केलेली मूठ, खाली लोखंडी टोपी. टोपीच्या वर, बोटभर अंतरावर, तापल्या तारेने डागलेला आकडा. चाळीस वर्षांपूर्वी पहिल्या काठीवर त्यांनी एक डागला होता. या वर्षीच्या सतराशे ऐंशीपासून अठराशे पंचवीसपर्यंत. एक आकडा दोनदा पडला नव्हता, एक गाळला नव्हता.

पैसे आतल्या खिशात घालून काका बाहेर आले, तर पायरीवर एक बाई बुटाच्या नाड्या बांधत होत्या. शेजारी भिंतीला काठी टेकलेली. आपली काठी दिसली की काकांची नजर आपोआप खाली जाई, तशी गेली. पंधराशे बारा.

काका वाकले. चष्मा पुसला. पंधराशे बाराच.

"ही कुठून घेतलीत?"

"इथूनच. आत्ता, पाच मिनिटं झाली," बाई म्हणाल्या. "का हो? महाग पडली का?"

"नाही, नाही. काठी चांगली आहे."

चांगली होतीच. सहा वर्षांपूर्वीची होती. त्या वर्षी काकांचा अंगठा कापला होता, म्हणून सगळ्या मुठी जरा जाड झाल्या होत्या. ही तीच जाड मूठ. पण टोपी नवीकोरी, चकचकीत. सहा वर्षांपूर्वी विकलेली, पैसे देऊन-घेऊन संपलेली काठी पुन्हा दुकानात आली कशी?

काका परत आत गेले.

"वहिनी, पिंपात काठ्या कोण ठेवतं?"

"तुम्हीच की. नाहीतर तुमच्याकडचं कोणीतरी."

"माझ्याकडचं कोण?"

"आता काका, मी काय पहारा देते का? पिंपात असतं ते विकते. मी किंमत बघते, आकडे तुम्ही बघा."

वहिनी हसल्या. काकांना ते हसणं जरा घाईचं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून काका पायवाटेच्या तोंडाशी दगडावर जाऊन बसू लागले. कोणी विचारलं तर उन्हाला बसलोय म्हणत. ऊन नव्हतंच, ढग होते. येणाऱ्या-जाणाऱ्याची, यंदा काठी घेतलेल्या वाटाड्यांचीही काठी ते खालून वर बघत. तीन दिवसांत अकरा काठ्या दिसल्या. त्यांतल्या तीन या वर्षीच्या. आठ जुन्या, आणि आठांनाही नव्या टोप्या.

काकांनी मनाशी जुळवणी केली. चालणारे लोक खिंडीपलीकडे बसमध्ये चढताना काठी टाकून देतात, हे त्यांनी ऐकलं होतं. टाकलेल्या काठ्या पलीकडच्या मुक्कामाच्या घरी पडून राहत असणार. त्या कोणीतरी उचलतो, इकडे आणतो, टोपी बदलून पिंपात घालतो आणि काकांच्या शेहेचाळीस काठ्यांच्या आडून विकतो. पैसा कुणाच्या तरी खिशात. खिंडीतून ओझं घेऊन ये-जा करतात ती फक्त खेचरं. आणि गावात आठ खेचरं ज्याच्या दारात बांधलेली, तो खेचरवाला म्हणजे काकांचे व्याही.

इथे काकांचा विचार दोन दिवस अडला. अडला म्हणजे थांबला नाही. दारात अडलेल्या जनावरासारखा तिथल्या तिथे पाय आपटत राहिला. मुलीच्या सासऱ्याला चोर कसं म्हणायचं? सरळ विचारावं, तर मुलीचा बाप म्हणून मान खाली घालून विचारायला लागणार, आणि व्याही एक विनोद करून सगळं उडवून लावणार. व्याह्यांची ती खोडच होती. गडगडाटी आवाजाचा, पसरट माणूस. त्यांनी कोणाला काही गंभीरपणे सांगितल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, काका लोहाराकडे गेले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "यंदा माझ्याशिवाय कोणी टोप्या नेल्या का रे?"

"नेल्या की. तुमच्या व्याह्यांनी. जूनमध्ये. एकतीस."

"एकतीस? कशाला?"

"मीही तेच विचारलं. म्हटलं, खेचरं आता काठी टेकत चालणार का? तर म्हणाले, म्हातारी झालीत बिचारी." लोहार स्वतःच हसला. काका हसले नाहीत.

एकतीस. प्रत्येकी तीनशे पन्नास. काकांनी गुणाकार तोंडी केला: दहा हजार आठशे पन्नास. आपल्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त, आणि लाकूड तोडायला नको, वाळवायला नको, मूठ वाकवताना बोटं भाजायला नकोत. कुंपणच शेत खात होतं.

तिथून ते थेट लेकीच्या घरी गेले. लेक अंगणात खेचरांची खोगिरं उन्हात टाकत होती. बापाला बघून तिने आधी काय केलं असेल, तर गोठ्याचं उघडं दार पायाने लोटलं. मग म्हणाली, "बाबा! असे अचानक?"

"का, बापाने चिठ्ठी पाठवून यायचं?"

"तसं कुठे म्हटलं? या, चहा टाकते."

"गोठ्यात काय आहे?"

"गोठ्यात काय असणार? खेचरांचं जे असतं ते. बसा तुम्ही."

चहा आला. काकांनी अर्धा घेतला. लेक बोलत होती, नवरा पर्यटकांना घेऊन वर गेलाय, परवा उतरेल, धाकट्या नणंदेला खोकला झालाय. बोलता बोलता ती दोनदा गोठ्याच्या दाराकडे बघून आली. काकांना तिच्या बोलण्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की लेकही सामील आहे. आई जाऊन दोन वर्षं झाली नाहीत, तोवर पोर पुरती त्या घरची झाली.

तरीही ते गप्प बसले असते. कारण संघाचा नववा नियम त्यांना तोंडपाठ होता: मोजणीबाहेरचा माल जो विकेल, त्याचं घर संघातून कायमचं वगळावं. अकरा वर्षांपूर्वी बाहेरच्या टोपल्या आपल्या म्हणून विकणाऱ्या बुरुडाला याच नियमाने वगळलं होतं, आणि सहा महिन्यांत तो बायकामुलांसह गाव सोडून गेला होता. खेचरांचा खिंडीतला परवाना संघाच्याच नावावर होता. व्याही वगळले गेले, तर आठ खेचरं दारात उभी राहणार आणि पाच माणसांची चूल थंडावणार. पाचांतली एक आपली. आणि नववा नियम मांडला होता तो काकांनीच.

पण शनिवारी चहाच्या टपरीवर व्याही भेटले.

"व्याही! अहो व्याही! तीन हाका मारल्या मी," ते लांबूनच गरजले. "काय ऐकतोय मी? रोज वाटेवर बसून पर्यटक बायकांचे पाय बघता म्हणे? या वयात?"

टपरी खदखदली.

"पाय नाही, काठ्या बघतो," काका म्हणाले.

"सगळे तेच म्हणतात!"

टपरी पुन्हा हसली. काकांनी व्याह्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते हसत होते, पण 'काठ्या' म्हटल्याबरोबर त्यांनी पेला खाली ठेवला होता, हे काकांनी टिपलं. चोराच्या मनात चांदणं. काका घरी गेले आणि दीड पान तक्रार लिहून काढली. तारखा, आकडे, लोहाराचं म्हणणं, सगळं क्रमाने. खाली सही.

संघाचे चिटणीस निवृत्त शिक्षक होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"काका, नातं बघितलंत ना?"

"नातं तुम्ही बघू नका. नियम बघा."

"एकदा नोंदवली की परत घेता येत नाही. पुढच्या रविवारच्या सभेत वाचावी लागेल."

"नोंदवा."

गुरुवारी दुकानाच्या फळीवर सभेचा कागद लागला. विषय चौथा: काठीविक्रीबाबत तक्रार. शुक्रवारी दुपारी काका स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते, तर लेक दारात उभी. काकांनी वर बघितलं तेव्हा ती आतच येऊन उभी राहिली होती.

"दार वाजवायचं तरी."

"चार वेळा वाजवलं," लेक म्हणाली. तिच्या हातात एक काठी होती. ती तिने बटाट्याच्या सालांवरच ठेवली. "आकडा वाचा."

सतराशे चौऱ्याण्णव. या वर्षीची.

"ही तुमच्याकडे कशी?"

"आधी गुडघ्यावर वाकवा. जोर लावून."

"अगं पण..."

"वाकवा म्हणते ना!"

बायको रागावली की याच आवाजात बोलायची. काकांनी काठी गुडघ्यावर धरून दोन्ही हातांनी दाबली. ती वाकली नाही. बिस्किटासारखी मोडली. मोडल्या जागेतून पिवळट पीठ भुरभुर बटाट्यांवर पडलं. साल जशीच्या तशी, आतलं लाकूड किड्यांनी चाळणी केलेलं.

"अशा एकतीस आहेत आमच्या गोठ्यात," लेक म्हणाली. "आता बघायचं असेल तर चला, दार उघडंच ठेवलंय."

मग तिने सांगितलं ते काकांनी मोडकी काठी हातात धरून ऐकलं. मे महिन्यात, पहिल्याच आठवड्यात, उतारावर एका पर्यटक बाईंची काठी मोडली. बाई कोसळल्या, मनगट मोडलं. मागून खेचरं घेऊन व्याही येत होते. त्यांनी बाईंना खेचरावर घालून खाली आणलं, वहिनींना सांगून काठीचे पैसे परत देववले, डॉक्टरचे स्वतः भरले आणि तुकडे पोत्यात लपवले. त्याच संध्याकाळी दुकानातलं सगळं पिंप घरी नेऊन एकेक काठी तपासली. मोडलेली धरून एकतीस पोकळ, पंधरा धड. एकतीसच्या जागी एकतीस हव्यात म्हणून पलीकडच्या मुक्कामाच्या घरून टाकलेल्या जुन्या काठ्या आणल्या. टोप्या लेकीने बसवल्या.

"त्या तुमच्या नावावरच विकल्या, बाबा. सगळे पैसे तुम्हालाच मिळाले. मामंजींनी एक रुपया घेतला नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"कोणी सांगायचं? मी म्हटलं होतं सांगू या. मामंजी म्हणाले, चाळीस वर्षं काठ्या केल्या त्यांनी, आता लाकूड फसलंय हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर पुन्हा लाकडाला हात लावतील का? हिवाळ्यात निवांत बसून, गोडीत सांगू. तोवर तुम्ही कागद लिहून मोकळे!"

"मी प्रत्येक काठी दगडावर ठोकून बघतो. पोकळ असती तर आवाज बदलला असता."

"तुम्हाला दार वाजलेलं ऐकू येत नाही. लाकडाच्या पोटातलं काय ऐकू येणार?"

लेक गेली. दार तिने आपटलं, ते मात्र ऐकू आलं.

काका बराच वेळ पीठ बोटांत चोळत बसले. पहिला विचार आला तो असा की, ही काठी कोणीतरी बदलली असेल. दुसरा असा की, लोहाराच्या टोप्यांत ओल राहिली असेल. दोन्ही विचार फार वेळ टिकले नाहीत. आकडा त्यांचाच होता, हात त्यांचाच होता. मग त्यांनी वर बघितलं. स्वयंपाकघराच्या छताखाली, चुलीच्या वरच्या माळ्यावर, पुढच्या वर्षीच्या फांद्या ओळीने टांगल्या होत्या. वडिलांनी शिकवलं होतं तसंच: तोडलेली फांदी दीड वर्ष चुलीवरच्या माळ्याला, मगच तिला हात लावायचा. धुराने लाकूड आतपर्यंत सुकतं आणि कीड जवळ येत नाही.

माळ्याखाली मात्र चूल नव्हती. चार वर्षांपूर्वी बायकोचा दमा बळावला, डॉक्टरांनी धूर बंद करा म्हणून बजावलं, आणि काकांनी आठ दिवसांत चूल बुजवून गॅस आणला होता. धुराडंही विटांनी बंद केलं होतं. त्या वेळी त्यांना फक्त तिचा खोकला ऐकू येत होता. फांद्या त्यांनी नेहमीसारख्या माळ्यावर टांगल्या. जागा तीच, दोरी तीच, दिवस मोजून तेवढेच. धूर तेवढा गेला होता, आणि वर चढत होती ती भाताची, आमटीची ओली वाफ. पहिली दोन वर्षं माळ्यावर आधीची धुरावलेली लाकडं शिल्लक होती, म्हणून चाललं.

काकांनी खुर्चीवर चढून एक फांदी काढली आणि मोडली. मग दुसरी. पाचव्या फांदीनंतर ते खाली उतरले.

संध्याकाळ व्हायच्या आत ते चिटणीसांच्या दारात होते.

"तक्रार परत हवी."

"सांगितलं होतं मी. नोंदवलेला कागद सभेत वाचावा लागतो. तो पाचवा नियम."

"पाचवा कोणी मांडला होता?"

"तुम्हीच," चिटणीस म्हणाले. हसण्यासारखं होतं, पण ते हसले नाहीत.

रविवारी सभेला छत्तीस माणसं होती. व्याही मागच्या बाकावर, पाय पसरून. चिटणीसांनी दीड पान वाचलं, तारखांसकट, सहीसकट. खेचरवाल्याचं घर वगळावं, या वाक्याशी त्यांचा आवाज जरा खाली आला, तरी सगळ्यांना ऐकू गेला. व्याह्यांनी पाय जवळ घेतले.

काका उभे राहिले. "कागदातल्या गोष्टी घडल्या आहेत. नाव चुकलं आहे. विकायच्या लायकीच्या नसलेल्या काठ्या दुकानात कोणी दिल्या असतील, तर मी दिल्या. एक बाई पडली. आणखी पडल्या नाहीत, ते यांच्यामुळे. वगळायचं तर माझं घर वगळा."

मोडकी काठी त्यांनी टेबलावर ठेवली. ती या हातातून त्या हातात फिरली. ज्याच्या हातात जाई, तो ती नाकाशी नेऊन हुंगे आणि पुढे देई.

"नियमात तसं बसत नाही," वहिनी म्हणाल्या. "माल त्यांचाच होता. मोजणी चुकली नाही."

"पण एकाच काठीचे दोनदा पैसे झाले," कोणीतरी म्हणालं, आणि ते खरं होतं.

तासभर बोलणं झालं. ठरलं ते असं: कोणालाच वगळायचं नाही. एकतीस काठ्यांचे सहा हजार पाचशे दहा रुपये काकांनी संघात परत भरायचे. पुढच्या दोन मोसमांत काठ्या द्यायच्या नाहीत, आणि त्यानंतर द्यायच्या त्या दोन सभासदांसमोर गुडघ्यावर वाकवून. काकांनी पैसे तिथेच मोजून दिले. या वेळी एकदाच.

व्याही सभेभर टोपी गुडघ्यावर फिरवत होते. त्यांच्या तोंडून विनोद येईल म्हणून लोक अधूनमधून मागे बघत होते. सभा उठल्यावर काका त्यांच्यापाशी गेले.

"व्याही, माझं चुकलं."

"विचारायचं होतंत," व्याही म्हणाले. "मी हसून नेलं असतं, ते खरं. पण विचारायचं होतंत." आणि टोपी घालून निघून गेले.

काकांनी धुराडं उघडलं आणि चूल पुन्हा मांडली. घरभर धूर होई. खोकायला आता कोणी नव्हतं. नव्या फांद्या माळ्यावर चढल्या, आणि दर रविवारी काका त्यांतली एक काढून मोडत, आत बघत. चांगली निघाली तरी दुसरी मोडत. एका हिवाळ्यात त्यांनी चांगल्या लाकडाच्या अठरा काठ्या नुसत्या संशयापायी वाया घालवल्या.

लेक येई, पण जेवायला थांबत नसे. खेचरांची रांग घरावरून जाई तेव्हा व्याही पलीकडच्या डोंगराकडे बघत चालत. ते मुद्दाम बघत नाहीत की खरंच डोंगराकडे बघतात, हे काका खिडकीतून रोज ताडून पाहत, आणि रोज वेगळं ठरवत.

मार्चमध्ये काकांनी डॉक्टरांचे एक हजार नऊशे रुपये आणि टोप्यांची किंमत लेकीच्या हाती पाठवली. ती घेतली गेली. पलीकडून एकतीस काठ्या आणायला खेचराच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या, फेरीला साठ. तेही पैसे काकांनी त्याच पाकिटात घातले होते. तेवढे परत आले. व्याह्यांचा निरोप होता की भाड्याचं बघू. त्यानंतर त्यांनी काही बघितलेलं नाही.

खेचराच्या तीन फेऱ्यांचे एकशे ऐंशी रुपये अजून देणं आहे.